दोन गाठींनंतर

१

ज्या माणसाने अख्ख्या गल्लीला चष्मे लावले, त्याला झाडावरचा मावा दिसला तो स्वतःचा चष्मा काढल्यावर. जवळचं त्यांना बिनचष्म्याचं लख्ख दिसे. हातभर अंतरापलीकडे मात्र माणूस कुठला आणि कपाट कुठलं, काही कळत नसे. शेवंतीच्या शेंड्याला काहीतरी राखाडी लागलंय असं वाटलं, म्हणून चष्मेवाल्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि नाक जवळजवळ कळीला टेकवलं. पाहतात तर काय, ती राखाडी चालत होती.

खाली दुकान, वर घर. दुपारी शटर अर्धं ओढायचं, वर येऊन दोन घास खायचे, आरामखुर्चीत डुलकी काढायची आणि मग मागच्या खोलीतल्या झाडांना पाणी घालून पुन्हा खाली उतरायचं, असा त्यांचा परिपाठ. त्यातलं पाणी घालणं तेवढं नवीन होतं. मागची खोली तीन बाजूंनी काचांची. तिथे शेवंती, दोन गुलाब आणि एक जास्वंद. ती सगळी हिची. बायकोला ते जन्मभर 'ही' म्हणत आले होते, आणि ही थंडीत गेली तरी त्यांनी तो शब्द बदलला नव्हता. "तुम्ही लोकांचे डोळे बघा, मी झाडं बघते," अशी तिने संसाराची वाटणी केली होती, आणि चष्मेवाल्यांनी ती इमानेइतबारे पाळली होती. पानाला हात म्हणून लावला नव्हता.

माव्याशी तिचं हाडवैर. दुपारी हे खुर्चीत लवंडले की ती मागच्या खोलीत स्टुल ओढून बसे. मग्यात साबणाचं पाणी, हातात यांनी दुकानातून टाकून दिलेलं काचा पुसायचं पिवळं फडकं. पान उलटं करून ती देठाकडून टोकाकडे पुसत जाई आणि मधूनमधून जिभेने 'च्च' करी. मावा म्हणजे जणू कुणाच्या तरी आगाऊ पोरांनी केलेली घाण. फांदी पुसून झाली की चष्म्याच्या दांडीला किमतीची चिठ्ठी बांधायचा पांढरा दोरा घेऊन ती फांदीला एक गाठ मारायची. मावा पुन्हा आला तर पुन्हा पुसायचं, दुसरी गाठ मारायची. तिसऱ्यांदा मात्र गाठ नाही. तिसऱ्यांदा ती कळीची मान अंगठा आणि बोटात धरायची, किंचित वळवायची, आणि टक्.

"राहू दे की, फुलेल एखादी," एकदा ते खुर्चीतूनच म्हणाले होते.

"दोनदा राहू दिली ना? रोगट कळीचे लाड करत बसलं की झाड जातं हातचं."

आता शेवंतीसमोर उभं राहून चष्मेवाल्यांना ते सगळं आठवलं. तिचं स्टुल, तिचा मग, तिचं फडकं सगळं जागच्या जागी होतं. त्याला हात लावायचा म्हणजे ती नाही हे पुन्हा एकदा कबूल करायचं. उद्या बघू, असं म्हणून ते दुकानात उतरले.

२

दुसऱ्या दिवशी डुलकी जरा लांबली. उठून पाण्याची झारी घेऊन मागच्या खोलीत गेले, चष्मा कपाळावर घेतला आणि शेवंतीला नाक लावलं. मावा नव्हता.

एक किडा नव्हता. पानं खालून-वरून स्वच्छ, अजून ओलसर, आणि साबणाचा मंद वास. फांदीला पांढऱ्या दोऱ्याची एक गाठ होती.

चष्मेवाले सरळ उभे राहिले. चष्मा डोळ्यांवर आणला, पुन्हा काढला, पुन्हा आणला. गिऱ्हाईकाला ते नेहमी सांगत, एका काचेतून दिसलं तर दुसऱ्या काचेतून ताडून बघावं. दोन्हींतून गाठ तशीच होती. गाठ जुनी असेल, असं त्यांनी स्वतःला बजावलं. पण जुना दोरा उन्हाने पिवळा पडतो, हा दुधासारखा पांढरा होता. मग हे काम शिंपीणबाईंचं. समोरच्या दारात राहणाऱ्या, हिच्या मैत्रीण, आजारपणापासून घराची एक किल्ली त्यांच्याकडेच असे. एवढी साधी गोष्ट आपल्याला आधी सुचू नये, याचं त्यांना हसू आलं. हसू आलं आणि का कोण जाणे, थोडं वाईटही वाटलं.

३

"वहिनी, उपकार झाले तुमचे. मला ती शेवंती काही जमली नसती."

शिंपीणबाईंनी मशीन थांबवलं. "कुठली शेवंती?"

"आमची. मावा पुसलात ना तुम्ही दुपारी?"

"मी? भाऊजी, माझ्या हातून निवडुंगसुद्धा मेलाय. झाडं मला बघूनच माना टाकतात. आणि आज दुपारी कुठली फुरसत? या लग्नाच्या कपड्यांनी माझाच कपडा झालाय."

चष्मेवाल्यांना वाटलं, लाजतायत. म्हणून ते त्यांना घेऊनच आले आणि गाठ दाखवली. शिंपीणबाई वाकल्या. पाहता पाहता त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं.

"हा माझा दोरा नव्हे. हा तुमच्या दुकानातला." नखाने दोरा उलटून पाहत त्या म्हणाल्या, "आणि गाठ उलटी आहे. डावखुऱ्या माणसाची."

ही डावखुरी होती. दोघांनाही ते ठाऊक होतं. बाहेर कुणीतरी जिना उतरत होतं, त्याच्या चपलांचा आवाज खालपर्यंत ऐकू आला. शिंपीणबाई आपल्या घरात गेल्या, खिळ्यावरची किल्ली काढून घेऊन आल्या आणि चष्मेवाल्यांच्या तळहातावर ठेवली.

"ही तुमच्याकडेच असू द्या, भाऊजी. तिला आवडायचं नाही, मी मध्ये मध्ये केलेलं."

त्या संध्याकाळी चष्मेवाल्यांनी दुकानातल्या फ्रेमला डाव्या हाताने चिठ्ठी बांधून पाहिली. झोपेत आपणच हे केलं असेल, ही शेवटची अक्कल त्यांना सुचली होती. गाठ काही केल्या बसेना. हातातला दोरा सुटून खाली पडला.

लेकीचा फोन आला. ती दुसऱ्या गावात राही आणि रोज संध्याकाळी न चुकता फोन करी.

"बाबा, जेवलात का?"

"जेवलो."

"आवाज असा का येतोय? रडलात?"

"छे गं. उलट आज बरं वाटतंय," ते म्हणाले, आणि ते खरं होतं.

४

शेवंती फुलली. पिवळ्याधमक फुलांनी मागची खोली उजळली आणि चष्मेवाल्यांचा चेहरा उतरला. कारण आता पुसायला काही उरलं नव्हतं.

रोज दुपारी ते खुर्चीत डोळे मिटून पडत आणि कान मागच्या खोलीकडे लावत. नळाचा थेंब ऐकू येई, शिंपीणबाईंचं मशीन ऐकू येई, उन्हाने तापलेली काच मधूनच कडकन वाजे. स्टुल वाजत नसे. आजवर त्यांनी तिच्या जाण्याचं दुःख शहाण्यासारखं केलं होतं. माणूस जातं, सगळ्यांचंच जातं, वगैरे. पण एकदा दारापर्यंत येऊन गेलेलं माणूस पुन्हा येत नाही, याला कुठलंच शहाणपण पुरेना. त्यांना तिची आठवण येत होती, इतकंच. जेवताना येई, काच घासताना येई, गिऱ्हाईकाला 'खालची ओळ वाचा' म्हणताना येई.

शेवटी एका सकाळी दुकान न उघडताच ते नर्सरीत गेले.

"मावा आहे का?" त्यांनी विचारलं.

नर्सरीवाल्याने दोन्ही हात कानांना लावले. "काका, माझ्याकडे? शोधून एक किडा दाखवा, झाड फुकट घेऊन जा!"

"नाही, मला मावाच हवाय. भरपूर लागलेलं एखादं रोप द्या."

नर्सरीवाल्याने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "लोक माझ्याकडे मावा घालवायला येतात. तुम्ही पहिले, घेऊन जायला आलेले." मग पाठीमागच्या कुंपणापाशी जाऊन त्याने आणून दिला, शेंडा ते बुंधा हिरव्या ठिपक्यांनी भरलेला, पानं मुडपलेला एक गुलाब. "हा मी जाळणारच होतो. पण काका, घरातल्या झाडांपासून लांब ठेवा हं."

चष्मेवाल्यांनी मान डोलावली. घरी येऊन त्यांनी त्याची फांदी कापली आणि हलक्या हाताने शेवंतीच्या नव्या कळ्यांवर झटकली. आपल्या हाताने आपल्याच घरात ते कीड सोडत होते. तिने हे पाहिलं असतं तर, असं त्यांच्या मनात आलं, आणि मग लक्षात आलं की तिने ते पाहावं म्हणूनच तर हा सगळा खटाटोप.

५

मावा फोफावायला वेळ लागत नाही. शेंडे काळवंडले, पानांवर चिकटा आला, त्या चिकट्यामागे मुंग्यांची रांग लागली. चष्मेवाले दुपारी खुर्चीत पडले. झोपले नाहीत.

आधी स्टुल सरकलं. लाकडाचा फरशीवर होणारा तो खरखराट त्यांनी हजारात ओळखला असता. मग मग्यात पाणी पडल्याचा आवाज. मग फडकं पिळल्याचा. आणि मग, इतक्या महिन्यांनी, स्पष्ट आणि वैतागलेलं,

"च्च."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. उठून जावं, की हललो तर सगळं विरून जाईल? ते पाय न वाजवता दारापर्यंत गेले. दार अर्धं उघडं होतं. आत स्टुल होतं, स्टुलावर कुणी नव्हतं. शेवंतीचं एक पान मात्र उलटं झालेलं होतं, आणि तसंच राहिलं होतं, वाऱ्याने उलटावं तसं. खिडक्या तर बंद होत्या.

"अगं," ते म्हणाले.

पान सुलटं झालं.

पुढे काय करावं हे न सुचून त्यांनी डोळे पुसायला चष्मा काढला. ओल्या डोळ्यांना, बिनचष्म्याचं, स्टुलावर काहीतरी दिसलं. फिकट रंगाचं, पाठमोरं, किंचित वाकलेलं. पडदा असू शकत होता. पण पडदा स्टुलापर्यंत पोचत नव्हता. त्यांनी घाईघाईने चष्मा लावला. स्टुल रिकामं होतं. काढला. ते पुन्हा तिथे होतं, आणि आता पाठमोरं नव्हतं.

चष्मेवाले तसेच मागे सरकत खुर्चीत येऊन बसले. भीती वाटली, खोटं कशाला बोला. पण घाबरलेला माणूस दार लावून घेतो. यांनी येताना दार आणखी थोडं उघडं केलं होतं.

शेवंतीच्या फांदीवर त्या दिवशी दोन गाठी होत्या.

६

नियम त्यांना तोंडपाठ होता. तरीही त्यांनी तिसऱ्यांदा मावा सोडला. आशा माणसाला आंधळं करते म्हणतात; हे तर लोकांना दृष्टी देण्याच्या धंद्यातले.

टक्, टक्, टक्. त्या दुपारी ते आवाज थांबेचनात. नंतर जाऊन पाहिलं तर शेवंतीला एक कळी उरली नव्हती. सगळ्या खुडून, ती करायची तशी, डब्याच्या झाकणात नीट रचून ठेवल्या होत्या.

मग गुलाब. मग जास्वंद. एकेक झाडाच्या दोन-दोन दुपारी सुखाच्या आणि एक टकटकीची. बोडकी झाडं एकेक करून वाळली. फोनवर लेक विचारी, "आईची झाडं कशी आहेत?" आणि हे म्हणत, "बघते आहे की ती." शब्द चुकला असं समजून लेक विषय बदले.

सगळं संपल्यावर त्यांनी नर्सरीतून नवी झाडं आणली, मावा लावला आणि वाट पाहिली. कुणी आलं नाही. मावा त्या झाडांना खाऊन मोकळा झाला. हिला दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायची सवय कधीच नव्हती. जे स्वतःचं, तेवढंच ती निगुतीने सांभाळी.

आता या घरात तिचं असं काय उरलं, या विचारात ते एका दुपारी आरामखुर्चीत बसले होते. बसल्या बसल्या लक्षात आलं की खुर्चीच्या पायावरून मुंग्या चढतायत.

७

मुंग्या खुर्चीसाठी आल्या नव्हत्या. त्या हातावरून वर मनगटाकडे चालल्या होत्या. चष्मेवाल्यांनी चष्मा कपाळावर सरकवून मनगट डोळ्यांशी नेलं. कफ चिकट झाला होता. आणि त्याच्या खाली, जिथे नाडी लागते तिथे कातडीला चिकटून, हिरवे ठिपके. अगदी सावकाश चालणारे.

झाडांमधून अंगावर आले असतील, असं ते मोठ्याने म्हणाले. उठले, मोरीत गेले, नळ सोडला. हात पाण्याखाली धरणार, इतक्यात थांबले. नळ बंद केला. परत येऊन खुर्चीत बसले आणि डोळे मिटून घेतले.

स्टुल सरकलं. या खेपेला ते मागच्या खोलीतून बाहेर आलं.

त्यांनी डोळे उघडले नाहीत. ओलं फडकं मनगटावर टेकलं, थंडगार, आणि तळव्याकडून बोटांकडे पुसत गेलं. एकदा, दोनदा, प्रत्येक बोट वेगळं धरून. आजारपणात ते तिचे हात असेच पुसायचे. "च्च," कानाशी आवाज आला, आणि चष्मेवाल्यांना इतक्या महिन्यांत पहिल्यांदा वाटलं की आपण घरी आहोत.

जागे झाले तेव्हा मनगटावर पांढऱ्या दोऱ्याची एक गाठ होती.

पुढच्या वेळी त्यांनी तोंडही धुतलं नाही. मावा गळ्यापर्यंत आला होता. तिने गळा पुसला, कानांमागे पुसलं, खूप वेळ लावला. जाताना मनगटावर दुसरी गाठ मारली, आणि ती मारताना तिचा हात थोडा घुटमळला, असं त्यांना वाटलं.

८

"बाबा, मी उद्या येतेय," लेक म्हणाली. "शिंपीणकाकूंचा फोन आला होता. तुम्ही दुकान उघडत नाही म्हणे. आता काही ऐकायचं नाही, सामान बांधा, माझ्याकडे चला. इथे तुमच्यासाठी खोली रिकामी केलीय."

"कधी पोचशील?"

"दुपारी. जेवणवेळेपर्यंत."

"इतक्या घाईने नको. सावकाश ये. उन्हं कलल्यावर ये." त्यांनी दाराकडे पाहिलं. "दाराला कडी लावत नाही मी. ढकललंस की उघडेल."

"बाबा, तुम्ही येणार ना माझ्याबरोबर?"

खोलीचं त्यांना खरंच कौतुक वाटलं. कात्रीने दोरा कापायचा, साबणाने स्वच्छ आंघोळ करायची आणि लेकीच्या घरी नातवंडांत म्हातारं व्हायचं, किती सोपं होतं. सकाळी उठून कात्री त्यांनी हातात घेतलीही होती. पण दोरा कापला की ती पुन्हा यायचं कारण संपलं. आणि ती नाही अशा घरात एकदा राहून झालं होतं. दुसऱ्यांदा जमणार नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

"तू गुणाची आहेस गं," ते म्हणाले. "आईसारखी नीटनेटकी आहेस."

दुसऱ्या दिवशी दुपारी ते खुर्चीत बसले. दार नुसतं लोटलेलं होतं. मुंग्या खुर्चीच्या चारही पायांवरून येत होत्या, आणि गळ्याशी काहीतरी सावकाश हलत होतं. त्यांनी चष्मा काढला, दांड्या मिटल्या, डबीत ठेवून डबीचं झाकण लावलं. समोरचं सगळं विरघळून गेलं. मागच्या खोलीचं दार, उजेड, आणि त्या उजेडात फिकट रंगाचं काहीतरी, उभं राहत असलेलं.

या वेळी स्टुल वाजलं नाही. मग्याचा आवाज आला नाही. पाणी लागणारच नव्हतं.

ते फिकट पुढे आलं आणि मोठं होत गेलं, तरी त्याला चेहरा आला नाही. खुर्चीसमोर येऊन ते थांबलं. मग त्यातून एक हात पुढे झाला, आणि चष्मेवाल्यांना जेवढं लख्ख दिसे तेवढ्या अंतरात आला. डावा हात. अंगठ्याच्या नखात हिरवट डाग, तो कधीच निघायचा नाही. साबणाने सुरकुतलेली बोटं. बोटांनी त्यांच्या मनगटावरच्या गाठी चाचपल्या. एक. दोन. आणि हात तिथेच थांबला.

खाली रस्त्यावर गाडी थांबली. दार आपटल्याचा आवाज झाला. लेकीने ऐकलं नव्हतं, ती लवकर आली होती. जिन्यावर तिची पावलं वाजायला लागली.

"अहो," ही म्हणाली.

तेवढंच. जन्मभर ज्या शब्दाला त्यांनी वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता 'हं' म्हटलं होतं, तोच. त्यात राग नव्हता. 'दोनदा राहू दिलं ना' एवढंच होतं, आणि थोडं रडू.

"हो," चष्मेवाले म्हणाले. "कळतंय मला. चल, आटप, पोर आली."

त्यांनी कॉलरचं बटण काढलं आणि मान पुढे केली.